नंदासाठी राखलेले युनिट

मित्रांनो, जबलपूरच्या कांचघर भागातल्या एका पिवळ्या घराच्या फाटकापाशी मी भिंतीला टांगलेला आहे. मी विजेचा मीटर आहे, पण साधासुधा नव्हे. साधा मीटर घरात आलेली वीज तेवढी मोजतो. मी घराने बाहेर दिलेली वीजही मोजतो. छतावरच्या सोलर पॅनेलने जास्तीची वीज केली की ती माझ्यातूनच तारांवर जाते. कारखान्यातल्या तपासणीत मी एका युनिटानेही चुकलो नव्हतो. म्हणून माझ्यावर सील ठोकले गेले, आणि त्याचा मला आजही गर्व आहे.

मला इथे बसवले अच्युतने. बडा फुहारा चौकाजवळ त्याचे सोलरचे छोटे दुकान होते. तो या घरच्या प्रतिमाकाकूंच्या बहिणीचा मुलगा. गणपती उठल्यावर त्याने पॅनेल चढवले आणि काकूंच्या यजमानांना, श्रीरंगकाकांना, समजावले की जास्तीचे युनिट वर्षभर नावावर जमा राहतात, हवे तेव्हा वापरता येतात. काकांनी ते मनावर घेतले. फार मनावर घेतले.

झाले असे की दिवाळीत नागपूरहून लेकीची, नंदाची, गोड बातमी आली. पहिले बाळंतपण माहेरी, तेही ऐन मे महिन्यात. जबलपूरचा नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ आगीचे दिवस, भिंतीसुद्धा तापतात. काकांनी ठरवले की नंदाच्या खोलीतला कूलर रात्रभर चालला पाहिजे, आणि त्यासाठी आतापासून युनिट राखायचे. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षे काढलेला माणूस, शिस्तीत कसूर नाही. गिझर बंद झाला. काकू अंगणात चूल पेटवून आंघोळीचे पाणी तापवू लागल्या. मिक्सर कपाटात गेला, चटणी पाट्यावर आली. कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेला काका रोज फाटकापाशी येत, गमछ्याने माझी काच पुसत आणि आकडा कॅलेंडरवर लिहीत. "शाबास," ते मला म्हणत. एवढे कौतुक मीटरच्या नशिबी कुठून येणार? मी अगदी फुगून गेलो होतो.

आणि एप्रिलचे बिल आले.

काकांनी ते फाटकातच उघडले. शिल्लक युनिटांच्या रकान्यात शून्य होते. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की नियम बदलला आहे, यापुढे दर महिन्याचा हिशेब त्याच महिन्यात मिटेल आणि आधीची शिल्लक अगदी कमी भावाने चुकती केली आहे. मी हादरलो. माझ्या काचेआडचा आकडा तर जसाच्या तसा होता! मी एकही युनिट सांडले नव्हते. काका एकदा बिलाकडे बघत, एकदा माझ्याकडे. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली होती. काकू बाहेर आल्या, त्यांनी बिल वाचले आणि पायरीवर बसल्या.

"मग मी सगळी थंडी धुरात काहून बसले हो?" त्या म्हणाल्या.

काकांनी बिलाची घडी करून खिशात घातली.

दुपारी अच्युत आला, हेल्मेट हातात धरून. सकाळपासून चार घरांनी त्याला फोनवर खोटारडा ठरवले होते, दोघांनी कामे रद्द केली होती. त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"काका, मी कागद पाहूनच सांगितलं होतं. आता कागदच बदलून टाकला त्यांनी."

"बेटा, मी कागदावर नाही, तुझ्या बोलण्यावर विसंबून राहिलो होतो," काका म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून माझी काच कोणी पुसली नाही. कोळ्याने जाळे विणले. खोटे मी बोललो नव्हतो, तरी मला फार लाज वाटे.

आठवड्याने अच्युत रिक्षातून इन्व्हर्टर आणि जड बॅटरी घेऊन आला. त्याच्या दुकानातली होती ती. काकूंना त्याने सांगितले की वीज साठवायची तर आता घरातच साठवावी लागेल. दिवसा उन्हात बॅटरी भरायची, रात्री तिच्यावर नंदाचा कूलर. काका दारातून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी स्वतः बॅटरी भरायचे बटण दाबले, चारला बंद केले. पुढे रोजच.

नंदाला नवतप्यातच मुलगी झाली. बारशाला अच्युत फाटकाबाहेरच घुटमळत होता. दुकान त्याने बंद केले होते, आता तो घरोघरी पंखे दुरुस्त करतो. काका नातीला कुशीत घेऊन बाहेर आले. खांद्यावरच्या गमछ्याने त्यांनी माझ्यावरचे जाळे काढले, काच पुसली.

"याचं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. मग अच्युतकडे वळून म्हणाले, "तुझंही नाही. चलो, आत ये."

अच्युत रडला. मीटरला रडता येत नाही, म्हणून मी नुसता मोजत राहिलो.

मित्रांनो, शब्द देणारा एक असतो आणि तो फिरवणारा भलताच. रागावण्याआधी एवढे तपासून घ्या. आणि येता-जाता माझी काच पुसत जा. आतले आकडे अजून खरेच आहेत.