अठ्ठावन्न हजार वजनाचा ठिपका

उप्साला नगरीतील त्या प्रयोगशाळेत इल्वा नामक बाई एकोणीस वर्षे काचा धूत आली होती. तेथील सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी रेणूंना रंग द्यावा लागत नसे. काचेच्या पृष्ठभागी एखादा रेणू टेकला, की परतणारा प्रकाश किंचित बदले व पडद्यावर काळा ठिपका उमटे. ठिपका जितका गडद, तितका रेणू वजनदार. तो रेणू कोणाचा, हे मात्र यंत्र सांगत नसे.

प्रमुख टोर्स्टेन यांना रुग्णांच्या मणक्यातील द्रवात हायड्रोजनच्या अणूच्या अठ्ठावन्न हजार पट वजनाचा नवा रेणू आढळला होता. निरोगी माणसांत तो नव्हता. दुपारी लेख धाडावयाचा होता. त्यावर प्रथमच इल्वेचे नाव होते; केवळ तिची सही उरली होती.

त्या सकाळी प्रमुख काचा मांडीत असता तिचे लक्ष गेले. टोर्स्टेन यांनी ओठाखालची तंबाखूची पुडी बोटाने सारली, तेच तपकिरी बोट जिभेवर फिरविले, आणि चिकटलेल्या काचा पोथीच्या पानांसारख्या सुट्या केल्या.

निरोग्यांच्या काचा ती स्वतः चिमट्याने मांडीत असे. रुग्णांच्या मांडीत ते.

त्यांनी मांडलेल्या एका काचेवर तिने रुग्णाचा द्रव न घालता नुसते क्षारपाणी सोडले. ठिपके पडू लागले. अठ्ठावन्न हजार. लाळेतील पाचक द्रव्याचे वजनही जवळपास तेवढेच.

"टोर्स्टेन, हा रेणू तुमच्या तोंडातला आहे."

"पाण्याची बाटली खराब असेल."

"माझ्या काचेवर हेच पाणी स्वच्छ दिसतंय. बघा."

त्यांनी पडद्यावर पाहिले. मग हसले. "अगं, तीस वर्षं अशाच काचा सोडवतोय. कुणाला ओकारी आली नाही."

"मला येतेय."

"सही कर आणि कॉफी घे. नाव छापून येतंय तुझं. पाण्याचं कोण विचारणार आहे?"

असे म्हणून त्यांनी वेलदोड्याचा गोड पाव त्याच बोटांनी मोडला व अर्धा तिच्यापुढे धरला. पांढऱ्या साखरेवर तपकिरी ठसा होता.

इल्वेने पाव घेतला नाही. लेखावरील आपले नाव तिने खोडले, क्षारपाण्यात उमटलेल्या ठिपक्यांचे चित्र सर्व सहलेखकांस पाठविले. मग जिने आजवर एकही काच वाया घालविली नव्हती, तिने टोर्स्टेन यांच्या काचांची अख्खी पेटी कचऱ्यात रिती केली, आणि त्या काचांना बोटही लागले नसताना तीनदा हात धुतले.