दुसरी किल्ली

ट्रक वाटेत वावा गावात अडकला हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. नवऱ्याला, जारीला, मी हे सांगितलं नाही.

सुपीरियर सरोवराच्या काठचा रस्ता बर्फाने बंद झाला की आमच्या थंडर बे गावाला पूर्वेकडून काहीच येत नाही, ना भाजी, ना टपाल, ना गाड्या. त्या ट्रकवर आमची गाडी होती. तीन वर्षं वापरलेली, विजेवर चालणारी, टोरोंटोजवळच्या एका विक्रेत्याकडून फोटो बघून घेतलेली. ‘तपासून प्रमाणित’ असा शिक्का होता आणि सोबत तपासणीचा आठ पानी तक्ता. टायर, काचा, ब्रेक, पट्टे, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. जारीने तो तक्ता एकदा वाचला. मी किती वेळा वाचला ते विचारू नका. सहाव्या पानावर एक ओळ होती : कंपनीने बॅटरी परत मागवून बदलून दिली आहे.

“म्हणजे नवीकोरी बॅटरी!” जारी म्हणाला. “लॉटरी लागली, किर्सी.”

“परत का मागवली होती?”

“असेल काहीतरी.”

ते काहीतरी काय होतं ते मी शोधून काढलं. शोधायला नको होतं. त्या वर्षीच्या काही गाड्या उभ्या जागी पेटल्या होत्या, चार्जिंगला लावलेल्या असताना, घराच्या गॅरेजमध्ये. आमच्या गॅरेजच्या बरोबर वर ओत्सोची खोली आहे. ओत्सो पाच महिन्यांचा.

तेव्हापासून मी त्या खोलीत शिरले की आधी फरशीकडे बघायची. दुपारी तो झोपला की मीही शेजारी आडवी व्हायची आणि गालिच्याला कान लावायची. खाली काहीच नव्हतं, जुन्या स्की आणि उन्हाळ्याचे टायर. पुढच्या आठवड्यात तिथे काय असेल ते मात्र मला लख्ख दिसायचं.

रविवारी जारीने गॅरेज रिकामं केलं. भिंतीवर चार्जर आधीच बसला होता. मग त्याने जुनी, पेट्रोलची गाडी धुतली, आतून झाडली आणि गॅरेजमध्ये आणून लावली. ट्रकवाला नवी गाडी उतरवून जुनी घेऊन जाणार होता, तोवर ती स्वच्छ राहायला हवी होती. जारी कामावर मित्राच्या गाडीने जाणार होता. एरवी सहा वर्षं आमची ती बिचारी अंगणातच उभी असायची. आमच्याकडे हिवाळ्यात गार गाडीत कोणी बसत नाही. न्याहारी करता करता स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून किल्लीचं बटण दाबायचं, बाहेर गाडी धडधडून सुरू होते, आणि बूट चढवेपर्यंत आत ऊब येते.

जारीची आई समोरच्याच घरात राहते. आम्ही सगळे तिला मुम्मो म्हणतो, फिनिश भाषेत आजी. ती वेलची घातलेला गोड पाव घेऊन आली आणि चार्जरकडे बघत उभी राहिली.

“विजेवर केस वाळवायचे, पोरी. उणे तिसात गाडी नाही चालवायची.”

“आई, तुझी साउनाची वाफेची खोलीसुद्धा विजेवरच तापते,” जारी म्हणाला.

“म्हणूनच तिच्यात आता घाम येत नाही.” मग माझ्याकडे वळून, “तुझा चेहरा का असा? गाडी येतेय की पाहुणे?”

“मुम्मो, ती पेटली तर?”

“अगं, पेटायला चुलीपासून बाईपर्यंत काहीही पेटतं. पाव खा.”

मी हसले. पण सोमवारी बाजारातून धूर आणि विषारी वायू दोन्ही ओळखणारे तीन अलार्म आणले. घरात आधीचा एक होता. टोस्ट करपला की बोंबलायचा म्हणून जारीने कधीच त्याचा सेल काढून तो कपाटात टाकला होता. एक नवा मी जिन्यात लावला, एक आमच्या खोलीत आणि एक ओत्सोच्या पाळण्याच्या वर. सोबतचं माहितीपत्रक मी उभ्या उभ्या वाचलं. तीनदा वाजून थांबला तर धूर. चारदा वाजून थांबला तर वायू.

“अजून दोन आणायचे होतेस,” जारी म्हणाला. “एक माझ्या गळ्यात बांधला असतास.”

तो जेवणाच्या टेबलाशी दुसरी किल्ली उघडून बसला होता. विक्रेत्याला जुन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या चालू स्थितीत हव्या होत्या. दुसरी किल्ली दोन वर्षं मेलेली. आमच्या माइयाचं ते खेळणं झालं होतं. माइया तीन वर्षांची. ती किल्ली घेऊन सोफ्यावर बसायची आणि आम्हाला सगळ्यांना दुकानात न्यायची. जारीने तिच्यात नवा सेल घातला, ट्रकवाल्याला द्यायच्या पाकिटात टाकली, आणि माइयाने घर डोक्यावर घेतलं.

“माझी गाडी! बाबाने माझी गाडी नेली!”

मंगळवारी सकाळी निरोप आला. रस्ता उघडला, ट्रक निघाला, गुरुवारी दुपारी पोचेल. करारात एक कलम होतं. गाडी दारात उतरवून घेऊन सही करीपर्यंत व्यवहार मोडता येत होता. जारी चिडला असता, चार्जर भिंतीवर तसाच लटकत राहिला असता आणि मुम्मोने वर्षभर ऐकवलं असतं. चालेल, म्हटलं. पण त्या खोलीखाली ती गाडी नको.

जेवण झाल्यावर मी ओत्सोला वर झोपवलं, कपडे वाळवायचं यंत्र लावलं आणि स्वयंपाकघरातून विक्रेत्याला फोन केला. बाहेर उणे सत्तावीस होतं, खिडकीच्या कडांना आतून बर्फ धरलं होतं. फोनवर संगीत लागलं. आमचा माणूस डेव्हन दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता म्हणे.

माइया माझ्या पायाशी भुणभुण करत होती.

“माझी किल्ली दे.”

“थांब, राणी. आई फोनवर आहे.”

“माझी किल्ली. माझी किल्ली. माझी किल्ली.”

तिच्या आवाजाने ओत्सो उठेल आणि मी ठरवलेलं बोलायचं राहून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाकीट टेबलावरच होतं. मी त्यातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. मीच दिली. ती सोफ्यावर चढून बसली आणि दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबायला लागली.

संगीत चालू राहिलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. घरात कसलीतरी घरघर होती. वाळवणाचं यंत्र, मला वाटलं. ते गॅरेजच्या भिंतीलाच लागून आहे.

“मॅडम, डेव्हन बोलतोय. फार थांबवलं तुम्हाला, माफ करा. गाडी येतेय बरं का!”

“त्याबद्दलच बोलायचं होतं,” मी म्हणाले. “आम्हाला ती गाडी–”

तेवढ्यात वर अलार्म किंचाळला.

पेटली, हा माझा पहिला विचार. अक्षरशः हाच. गाडी अजून सरोवराच्या कडेला कुठेतरी ट्रकवर होती आणि मी म्हणत होते, पेटली. मग नाक सांगायला लागलं की धूर नाही. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. शांतता. एक, दोन, तीन, चार.

फोन कुठे पडला माहीत नाही. माइयाला मागच्या दारातून तशीच मोज्यांवर बाहेर उभी केली, “हलू नकोस!” असं ओरडले आणि जिना चढले. अलार्म ओत्सोच्या डोक्यावर हातभर अंतरावर ठणाणा करत होता आणि ओत्सो झोपलेला होता. पापणीसुद्धा हलत नव्हती. दार लागलं तरी दचकून उठणारं माझं मूल. मी त्याला उचललं तर मान मागे गेली, ओल्या टॉवेलसारखी.

जिना उतरताना मी काही बोलत होते का, रडत होते का, काही आठवत नाही. अंगणात आले, गारठा चेहऱ्यावर बसला आणि मी त्याचं पांघरूण काढून टाकलं. “रड,” मी त्याला म्हणाले. “रड रे. रड.” तेव्हा मला बंद गॅरेजच्या दारामागून ती ओळखीची धडधड ऐकू आली. सहा वर्षं रोज सकाळी ऐकलेली.

माइयाच्या हातात अजून किल्ली होती. “मी केली चालू,” ती म्हणाली.

ओत्सोने तोंड वेडंवाकडं केलं, श्वास आत ओढला आणि रडला. एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मुम्मो समोरून गाऊनवरच धावत आली. तिने माइयाला बखोटीला धरलं, मला ढकलत तिच्या घरात नेलं आणि फोन लावला. अग्निशामक दलाची गाडी पाच-सहा मिनिटांत आली असेल. त्यांच्या प्रमुख बाईने गॅरेज उघडलं, गाडी बंद केली, हातातलं मोजायचं यंत्र घेऊन सगळं घर फिरली. परत आली तेव्हा मुखवटा काढून माझ्यासमोर बसली.

“बाळाच्या खोलीतला अलार्म कधीचा?”

“कालच लावला. विजेच्या गाडीच्या भीतीने.”

“कुठाय ती गाडी?”

“अजून आली नाही.”

ती ओत्सोकडे बघत राहिली. “अजून अर्धा तास गेला असता ना, तर...” म्हणाली. मग रुग्णवाहिकेकडे हात दाखवला.

रुग्णालयात आम्हा तिघांनाही प्राणवायू दिला. ओत्सोचा मुखवटा बाहुलीच्या मापाचा होता. जारी कामाच्या कपड्यांवरच आला आणि दारातच थांबला.

“मीच आत लावली गाडी,” तो म्हणाला. “एकदाही डोक्यात आलं नाही, किर्सी. एकदाही.”

“किल्ली मी दिली.”

“सेल मी घातला.”

“आणि ती मी दिली, फोनवर बोलता यावं म्हणून.”

“झालं का दोघांचं?” मुम्मो म्हणाली. “पोरं बघताहेत.” पण माइयाची वेणी तिने तीनदा घातली नि सोडली.

बुधवारी घरी आलो. मुलं ठीक होती, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, आणि तो कागदही मी परत परत वाचत होते. डेव्हनचा फोन आला.

“मॅडम, परवा फोन... नाही, कालच. एकदम किंकाळ्या ऐकू आल्या. मी घाबरलो. सगळे बरे आहात ना?”

“हो. बरे आहोत.”

“तुम्ही काहीतरी सांगत होता.”

जारी दुसऱ्या खोलीत माइयाला गोष्ट सांगत होता. मी खिडकीतून अंगणात बघितलं. जुनी गाडी परत बाहेर होती, टपावर बर्फ साचलेलं.

“गुरुवारी किती वाजता येईल?” मी विचारलं.

दोन वाजता आली. ट्रकवाल्याने कागद पुढे केले, मी सही केली आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने तिथूनच एकीचं बटण दाबलं. गाडी धडधडली, आणि मी उघड्या अंगणात, भर उजेडात, ओत्सोचा चेहरा छातीशी दाबून तीन पावलं मागे सरले. ट्रकवाल्याला वाटलं, थंडीने.

नवी गाडी गॅरेजमध्ये शिरली ती कसलाही आवाज न करता. जारीने तार जोडली, हिरवा दिवा लागला. तो माझ्याकडे बघत होता.

“बाहेर लावू?” त्याने विचारलं. “तू म्हणशील तसं.”

मला हिची भीती वाटत होतीच. ती कमी झाली नव्हती, आता तिच्या जोडीला जुन्या गाडीचीही होती इतकंच. पंधरा दिवस मी गालिच्याला कान लावून ज्या आगीची चाहूल घेत होते ती आलीच नव्हती, आणि जे संकट आलं त्याला मीच किल्ली दिली होती.

“राहू दे आत,” मी म्हणाले.

मग वर गेले. ओत्सोची खोली रिकामी होती. पाळणा आम्ही आमच्या पलंगाला लावला होता, त्याच्यावरचा अलार्मही. इथे भिंतीत स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली होती. मी खाली बसले आणि सवयीने गालिच्याला कान लावला. काही ऐकू आलं नाही. बराच वेळ ऐकत राहिले. मग उठून दुकानात निघाले, या खोलीसाठी आणखी एक अलार्म आणायला, आणि नवी गाडी तशीच ठेवून चालत गेले.