साधनाताईंचा शब्द

२०१३ साली सिंगापुरात, सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल फलक लागला, आणि मी दोन वर्षांच्या लेकीचं अंग तासातासाला चाचपायला लागले.

रविवारच्या बुद्धवंदनेला येणाऱ्या साधनाताई नर्स होत्या. वंदना झाली की हॉलच्या कोपऱ्यात बसून सगळ्यांचं बीपी बघायच्या. मशीन आरोग्य खात्याचं, माणसं आपली. डेंग्यू वाढला तसं खात्याने त्यांना घरोघरी साचलेलं पाणीही बघायला सांगितलं. ताईंनी एकच अट घातली: बघेन, समजावेन, पण कुणाचं नाव देणार नाही. म्हणून तर लोक दार उघडत होते.

एका शनिवारी त्यांच्यासोबत मी वरच्या मजल्यावर दादारावकाकांकडे गेले. बुद्धमूर्तीपुढे घंगाळात कमळं, आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"काका, पाणी रोज बदलायचं."

"डास बाहेरचे आहेत गं, आमचे नाहीत."

"बाळंतपणाला मात्र तुमच्याकडेच येतात!"

काका हसले, घंगाळ मोरीत रिकामं केलं. ताई म्हणाल्या, "बाल्कनी पुढच्या शनिवारी बघू."

बुधवारी वर गेले तेव्हा काकांच्या उघड्या दारातून मला घंगाळ पुन्हा भरलेलं दिसलं. पाणी ताजं की शिळं, विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन तक्रारीच्या नंबरवर फोन केला, आपलं नाव न सांगता.

इन्स्पेक्टर आला. घंगाळातलं पाणी स्वच्छ होतं. दंड झाला तो बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीसाठी.

रविवारी काका मशीनपुढे बसलेच नाहीत. "आधी घर बघितलंस, मग इन्स्पेक्टर धाडलास. आता हात दिला तर कोणाला धाडशील, बाई?"

"काका, मी नाही कळवलं," ताई म्हणाल्या.

"मग काय, डासांनी फोन केला?"

दोघंतिघं हसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारी त्या घरात तिसरी मीच होते. माझं नाव न घेता त्यांनी बीपीचा पट्टा गुंडाळून ठेवला. मी मांडीवरच्या लेकीचा फ्रॉक सारखा करत राहिले.

पुढच्या रविवारी बीपीला दोनच जणं आली, मग कुणीच नाही. घरोघरी ताईंना "बाळ झोपलंय, नंतर या" ऐकू यायला लागलं. दोन महिन्यांनी खात्याने मशीन दुसरीकडे दिलं, ताईही तिकडे गेल्या.

तेव्हा कुठे मी काकांकडे जाऊन खरं सांगितलं. लेकीची भीती वाटत होती, हेही सांगितलं. ते स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

काकांनी चष्मा शोधून नंबर काढला. मग स्पीकरवर फोन लावला. "साधना, चुकलो गं. रविवारी ये."

"रविवारी आता एका तमिळ देवळात असते, काका. तिथल्या लोकांना शब्द दिलाय. तुम्ही सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा ना."

"तिथे मला कोण ओळखतं?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"मी नेते ना तुम्हाला," मी म्हणाले.

"तू नको," काका म्हणाले, आणि माझ्यासाठी दार उघडून उभे राहिले.