सहा नंबरचा माग

प्रोग्रॅममधली चूक शोधायची म्हटलं की सहकारी राहुलच्या कपाळाला आठ्या पडत. "खरकटी भांडी घासायचं काम!" तो कुरकुरे. धनश्रीच्या मात्र अंगात वारं शिरे. चूक हाती लागली की चोर पकडल्यासारखं ती "सापडला!" असं ओरडे, आणि कतारगामच्या त्या टीचभर ऑफिसात चहा देणाऱ्याच्या हातून हमखास कप हिंदकळे. बिचारा!

बमरोलीच्या लूम कारखान्याचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. धागा तुटला की माग थांबे आणि तसं पडद्यावर दिसे. तिचे वडील सुकलाल तिथेच कारागीर, म्हणून तिला त्याचं जरा जास्तच कौतुक. पण सहा नंबरचा माग धागा शाबूत असतानाही मधूनच थांबू लागला.

"कारागीर मुद्दाम थांबवत असेल, तर आजच घरी बसवतो," मालक भूपेंद्रभाई म्हणाले.

"माणसाला कशाला दोष, शेठ? चूक माझ्या प्रोग्रॅमचीच असणार," धनश्री खुशीत म्हणाली.

दिवसभर ती तहानभूक विसरली. अखेर कोडं उलगडलं. पाच नंबरवर धागा तुटला, की सहा थांबतो! वायरींची अदलाबदल झाली असणार. खात्री करायला ती तडक कारखान्यात शिरली. भूपेंद्रभाई मागून येत होते.

वायरी ठीक होत्या. पाचवर धागा तुटला, तसा शेजारच्या सहावरच्या भटूकाकांनी आपला माग हाताने थांबवला, पाचवर जाऊन धागा जोडून दिला.

"सापडला!" धनश्री सवयीने ओरडली. मग तिने पाच नंबरवर कोण उभं आहे ते पाहिलं.

तिचे वडील होते. ते वळले, दोन हातांच्या अंतरावरून थेट तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "कोन शे? शेठ?"

घरी मोबाइल पुढे केला की ते "तूच वाच" म्हणायचे, आणि ती ते लाड समजायची. हजार ओळींतला चुकलेला ठिपका हुडकणाऱ्या पोरीला बापाचे विझत चाललेले डोळे दिसले नव्हते!

भटूकाका मान खाली घालून उभे राहिले.

"मळ्युं के, बेन? सापडला ना?" भूपेंद्रभाई जवळ येत म्हणाले. "कोण होतं?"

तिने पुढे होऊन वडिलांचा हात धरला. स्पर्शावरून त्यांनी लेकीला ओळखलं; ती मशीन दुरुस्त करायला आलीय, एवढंच त्यांना कळलं. शेठच्या आवाजाच्या रोखाने बघत ते अभिमानाने हसले.

"मेरी लडकी है, शेठ. ढूंढे बिना नहीं छोडती."