पाय बघायचा रिवाज

सकाळच्या भाकऱ्या झाल्या की भागूबाई धाकट्या रत्नाला पुढ्यात बसवत आणि तिच्या पायांना क्रीम चोळत. तोंडाला बोटभर, पण पायांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चांगलं थापून. कारण त्यांच्या सोयऱ्यांत मुलगी बघताना तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही. मुलाकडची जाणती बाई साडीचा काठ वर सारून घोट्याचा रंग बघते. बाजारात बैलाचे दात बघतात तसंच हे, आणि याची लाज कुणालाच वाटत नाही!

मुलाकडच्या, वेल्ह्याच्या बनाबाईंनी असाच रत्नाचा घोटा बघून नाक मुरडलं होतं. मग पिशवीतून एक बिनालेबलाची डबी काढली होती. "पोरगी गुणाची हाय. दोन महिनं ही लावा, मग सुपारी फोडू."

थोरली वैष्णवी रोज किकवीहून एसटीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत जायची. साबण, धुण्याची पावडर, क्रीम यांत पांढरेपणासाठी काय मिसळलंय ते शोधणं तिचं काम. आणि तिच्याच घरात डबी सहा आठवडे लपलेली! शिकलेली पोरगी मोडता घालील म्हणून आईनं तिला सांगितलंच नव्हतं.

रत्नाच्या डोळ्यांखाली सूज आली, तेव्हा डबी सापडली. वैष्णवीनं बहिणीला दवाखान्यात नेलं आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारून क्रीम तपासायला घेतलं. पाऱ्याचा आकडा एवढा मोठा आला की तिला आपलीच चूक वाटली. नमुना पातळ करून तिनं पुन्हा तपासला. पारा मर्यादेच्या हजारो पट होता. त्या पाऱ्यानं रत्नाच्या मूत्रपिंडाला इजा केली होती. क्रीम आजच थांबवलं तर भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले.

"आठ दिसांवर सुपारी आलीया," भागूबाई रडकुंडीला आल्या. "तेवढं तरी लावू दे. काळी म्हनून दोन ठिकाणं परत गेली, ती म्या सोसलीत."

"आन् गोरी करून तिला सरणावर ठिवायची व्हय?" वैष्णवी कडाडली.  दुसऱ्या दिवसापासून मात्र रत्नानं पाय पुढे केले नाहीत.

सुपारीच्या दिवशी बनाबाई काठाला हात घालणार, तोच रत्नानं स्वतःच तो वर ओढला.

"मावशी, नुसता रंग काय बगता? बोट दाबून बगा."

बनाबाईंनी दाबलं. बोट काढलं तरी सुजलेल्या घोट्यावर खळगा तसाच राहिला.

"ह्यो तुमच्या डबीनं दिलाय. मला काळीच ऱ्हायचंय, पर जित्ती ऱ्हायचंय. ह्या घरात सुपारी फुटायची न्हाई."

वडील सोमेश्वर मान खाली घालून बसले होते. वैष्णवीनं तपासणीचा कागद पुढे धरला. "याची एक प्रत औषध निरीक्षकांकडं गेलीया."

"आमच्याकडं समद्या लावत्यात," बनाबाई फणकारल्या. "माजी लेक सोनियाबी वरीसभर लावती!"

 भागूबाई उठल्या, सुपारीचं ताट त्यांनी आपल्या हातानं आत नेलं आणि दारात येऊन हळूच म्हणाल्या, "मग बाई, घरी जाऊन तिचाबी पाय दाबून बगा."

बनाबाई तरातरा अंगणात उतरल्या. चपला पायात सरकवण्याआधीच त्यांनी मोबाईल कानाला लावला होता.

"सोनिया, पाय सुजल्यात का गं तुजं?"