डॉक्टरीणबाईंची ढकलगाडी

मी एक जुनी, तीन चाकांची ढकलगाडी आहे. मित्रांनो, भाजी विकतात ती गाडी नव्हे. गोल्फ खेळणारे लोक काठ्यांनी भरलेली पिशवी माझ्यावर ठेवतात आणि मला मैदानभर ढकलत नेतात. एका कारखान्यात नळ्या जोडून माझे अंग तयार झाले, चाके बसली, आणि दुकानात येऊन मी इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहिले.

एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची पिशवी वाहणारे काका तिथे आले. एकोणीस वर्षे काकांनी ती पिशवी उजव्या खांद्यावर वाहिली होती. आता तो खांदा कामातून गेला होता.

"तुम्हीच निवडा," बाई म्हणाल्या. "ढकलायची तुम्हालाच आहे."

काकांनी एकेकीला चालवून पाहिले. एकीचे पुढचे चाक डावीकडे ओढत होते. एक घडी घालताना बोटाला चिमटा काढत होती. एक तर पिशवी ठेवताच कलंडली. मी मात्र सरळ गेले आणि ब्रेक लावताच मुकाट उभी राहिले.

"हीच घ्या," काका म्हणाले.

"हँडल तुमच्या उंचीला लावू?" दुकानदाराने विचारले.

"नको. बाईंच्या उंचीला लावा."

बाई तेव्हा दुसऱ्या गाडीचा रंग बघत होत्या. त्यांना ते ऐकू गेले नाही.

दुसऱ्या दिवशी काका मैदानावर आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. निरोप तेवढा आला, "आता चाकं आहेत, माझं काय काम?"

मग बाई आणि मी, दोघीच. मी इमानाने राबले. येणारे जाणारे थांबून माझे कौतुक करत. पण चेंडू मारण्याआधी बाई, काका मागेच आहेत अशा सवयीने, मान वळवून विचारत, "वारा कुठला?" मला कुठले उत्तर येणार? फटका छान बसला तरी त्या मागे वळून बघत, आणि मागे मीच असे. हळूहळू त्यांचे खेळणे कमी झाले. माझी घडी जिन्याखाली गेली, ती सात महिने तिथेच पडून राहिली.

एका सकाळी बाईंनी मला बाहेर काढले आणि थेट काकांच्या दारात नेले.

"ओझं वाहायला नाही, काका. नुसते सोबत चला."

काकांनी त्यांना खुर्ची दिली. स्वतः खाली बसले. माझ्या चाकात गुंतलेले वाळके गवत सोडवले, तेल घातले, ब्रेकची तार आवळली. बराच वेळ लावला.

"बिनकामाचं मागं मागं फिरणं मला जमायचं नाही, बाई," ते खाली बघतच म्हणाले. "गाडी निवडायला नेलंत. पण हवी का, ते विचारलं नाहीत."

बाई खुर्चीवरून उठल्या. मला घेऊन त्या निघाल्या.

आजही आम्ही दोघीच चालतो. मित्रांनो, माझ्यासारखीला तेलाचे दोन थेंब पुरतात. माणसाचे तसे नसते. कुणाच्या खांद्यावरचे ओझे उतरवाल, तेव्हा आधी त्याच्याजवळ घडीभर बसा. ओझ्याबरोबर आपण त्याची जागाही काढून घेत नाही ना, एवढे त्याला विचारा.