दोघांच्या सहलीचं पाकीट

तोकुजी कुरामोचीने जपानमधल्या मुरोरान बंदराच्या गोदीत आयुष्यभर क्रेन चालवली आणि पगार जसा आला तसा बायकोच्या हातात ठेवला. घर सुमिए चालवायची. महिन्याचे पैसे ती वेगवेगळ्या पाकिटांत घालायची. तांदूळ, गॅस, देऊळ, त्याचा हातखर्च. प्रत्येकावर रक्कम लिहिलेली. एका पाकिटातलं दुसऱ्यात जायचं नाही, हा तिचा नियम.

ती जाऊन दोन वर्षं होत आली होती. पेन्शन आलं की तोकुजी तिने लिहिलेली रक्कमच ज्या त्या पाकिटात घालायचा. दरम्यान तांदूळ जवळजवळ दुपटीने महागला. पाकीट तेवढंच राहिलं. मग तो कमी शिजवू लागला.

थंडी सुरू झाली तेव्हा संशोधन संस्थेची हायासाकाबाई आली. घरखर्चाच्या पाहणीसाठी ती दरवर्षी यायची. पूर्वी तिला उत्तरं सुमिए द्यायची.

"तांदळावर गेल्या वर्षीपेक्षा जास्त खर्च होतो का?"

"नाही. तेवढाच."

"मग तुमच्या दुकानदाराचा पत्ता द्या, कुरामोचीसान. आमचे प्रोफेसर त्याच्या दारात रांग लावतील."

तोकुजी हसला नाही. "पाकिटात असतो तेवढाच खर्च होतो."

बाईचं लक्ष त्याच्या पट्ट्याकडे गेलं. खिळ्याने पाडलेलं नवं भोक तिला दिसलं.

"आणि जेवण?"

"पाकिटाएवढं."

"मी हे असंच लिहून नेलं, तर तिकडे म्हणतील, म्हाताऱ्यांना महागाईची झळ बसत नाही." तिने पेन खाली ठेवलं. "सुमिएसान असत्या तर त्यांनी काय केलं असतं?"

"रक्कम बदलली असती."

"मग तुम्ही बदला की."

"अक्षर तिचं आहे."

"मग दुसऱ्या एखाद्या पाकिटातून घ्या. एवढ्यासाठी त्या रागावणार नाहीत."

"तुम्ही तिला नीट ओळखत नव्हता," तोकुजी म्हणाला.

बाई गेल्यावर त्याने देव्हाऱ्याखालचा खण उघडला. सगळ्यात जाड पाकीट तळाशी होतं. त्यावर लिहिलं होतं, 'गरम पाण्याचे झरे, दोघं'. आधी तो निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं होतं. मग तिचा गुडघा बरा झाल्यावर. मग हिवाळा सरल्यावर. ती गेल्यावरही तो त्यात दर खेपेला पैसे घालतच होता, कारण रक्कम लिहिलेली होती.

त्याने काही नोटा काढल्या, कोट चढवला आणि तांदूळ घेऊन आला.

भात झाल्यावर पहिली वाटी त्याने तिच्या फोटोपुढे ठेवली.

"सुमिए, आपलं जाणं काही होत नाही बघ."

मग तो पानावर बसला. बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवला, आणि जेवताना सगळा वेळ त्याला स्वतःचा राग येत राहिला.